बॉबिनचे आठ आठवडे

माझी ताई शिंपी आहे. शिंप्याची बायको नव्हे, मुलगी नव्हे, स्वतः शिंपी. कोट, पँटी आणि शाळेचे गणवेश. बत्तीस वर्षं ती एकाच टेबलावर कापते आहे, आणि या बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकानं आणलेलं नवं कोरं कापड तिनं त्याच दिवशी एकदाही कापलेलं नाही. गिऱ्हाईक कापड ठेवतं, ताई ते दोन बोटांत चुरगाळते, नाकाशी नेते आणि म्हणते, "पाण्यातून काढलेलं नाही. घरी न्या, भिजवा, सावलीत वाळवा, मग आणा." गिऱ्हाईक कुरकुरतं. परवा मुलाखत आहे म्हणतं, समोरचा टेलर आजच्या आज कापून देतो म्हणतं. "मग त्याच्याकडे जा," ताई म्हणते. आणि मी, म्हणजे काजं, बटणं आणि इस्त्री सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ, आतल्या बाकावर बसल्या जागी कपाळाला हात लावतो.

माझं वय चौपन्न. दुकानात आणि घरात मला अजून 'छोट्या' म्हणतात. याबद्दल मी तक्रार करणं सोडून दिलं आहे.

दुकानाची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर असतं. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने गणवेशांचा डोंगर होतो. त्या दिवसांत ताई एका सकाळी येते आणि एकदम दहा पानं फाडून टाकते. म्हणजे बाहेर पाच तारीख असली की आमच्याकडे पंधरा. ज्याचा कपडा वीस तारखेला द्यायचा तो भिंतीवर वीस उजाडली की तयार हवा. मग उसवायला, सुधारायला दहा दिवस हातात. गणवेश संपले की दहा दिवस पानाला हात लावायचा नाही, बाहेरचं जग आपोआप आम्हाला गाठतं. भिंत खोटं बोलते हे आम्हा दोघांना ठाऊक असतं, तरी तिच्याकडे पाहून हात भरभर चालतात. बँकेत, दवाखान्यात, बाहेरच्या कुठल्याही कामाला जाताना आम्ही मनातल्या मनात दहा वजा करतो. सवयच झाली आहे. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

या वर्षी गणवेशांच्या थोडं आधी एका भटक्या मांजरीनं आमच्या चिंध्यांच्या पोत्यात तीन पिल्लं घातली. ताईनं ऑर्डरच्या वहीत तारीख लिहिली आणि खाली मापं: लांबी साडेचार इंच, छाती साडेतीन, 'वाढीला भरपूर ठेवणे'. दोन पिल्लं पुढे गिऱ्हाइकांनी मागून नेली आणि आई पुन्हा भटकायला लागली. तिसरं, करड्या पट्ट्यांचं, गोल वळून झोपणारं, कुणी मागितलं नाही. ताईनं मागू दिलं नाही असं म्हणणं जास्त खरं. मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून तिचं नाव बॉबिन.

मला मांजरं आवडत नाहीत. ती माझ्या इस्त्रीच्या गरम कपड्यांवर झोपतात. बॉबिन तर माझ्या मांडीवरच झोपायची, आणि तिची झोप मोडू नये म्हणून मी तास तास बटणं लावत बसायचो ते केवळ नाइलाजानं.

पण ताईच्या जिवाला एक घोर होता, आणि तो मला माहीत होता. गेल्या वर्षीही आमच्याकडे एक पिल्लू होतं. त्याला ताईनं बाजारपेठेतल्या चकचकीत दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली होती. दीड महिन्यानं त्याला उलट्या सुरू झाल्या आणि चार दिवसांत ते गेलं. ताई रडली नाही. नुसती महिनाभर मशीन चालवताना गुणगुणली नाही. ताईचं मशीन गुणगुणण्याशिवाय चालताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

यंदा तोच आजार पुन्हा गल्लीत आला. बेकरीवाल्याची दोन पिल्लं आठवड्यात गेली. ताईनं कातरी खाली ठेवली.

"आठ आठवड्यांनी पहिली लस," ती म्हणाली. "छोट्या, आज किती तारीख?"

मी वर पाहिलं आणि भिंतीवरची तारीख सांगितली. ताईनं वही उघडली, बोटांवर मोजलं. "बरोबर छप्पन दिवस! आजच आठ आठवडे झाले. ऊठ, टोपली काढ."

"त्याच चकचकीत डॉक्टरकडे?"

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपली काढली.

दुसऱ्या डॉक्टरचं नाव आम्हाला औषधांच्या दुकानात कळलं. त्याचा दवाखाना बसथांब्याजवळ. आम्ही आत शिरलो तेव्हा तो उभ्या उभ्या फोनवर बोलत होता. फोन तसाच खांद्यात दाबून त्यानं विचारलं, "किती वय?" ताई म्हणाली, आठ आठवडे. त्यानं फ्रिज उघडला. आत लसींच्या बाटल्या, लिंबू सरबत आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा गुण्यागोविंदानं नांदत होते. त्यानं सुई भरली. टोपलीचं झाकण अजून बंदच होतं.

"तुम्ही तिला पाहिलं नाही," ताई म्हणाली.

"बाई, मांजर ते मांजर. त्यात पाहायचं काय?"

"मी माणूस न पाहता माप लिहीत नाही," असं म्हणून ताई टोपली घेऊन बाहेर. मी मागे राहून त्या माणसाकडे बघून कसनुसं हसलो, कारण आमच्या घरात माफी मागायचं खातं माझ्याकडे आहे.

दुपारी दुकानात बस चालवणारी एक बाई नव्या गणवेशाची पँट घालून पाहायला आली. ताई ट्रायल घेताना गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. कमरेला टेप गुंडाळलेला माणूस खोटं बोलत नाही असं तिचं मत आहे. "तुझ्या मांजराचा डॉक्टर कोण गं?" तिनं तोंडातल्या टाचण्या न काढता विचारलं.

"होती एक. जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर," बसवाली वैतागून म्हणाली. "पण मी जात नाही आता तिच्याकडे. नुसता वेळ खाते. तपासत काय बसते, विचारत काय बसते, आणि दोनदा तर लस न देताच परत पाठवलं मला. आज नको म्हणे, पुढच्या आठवड्यात या!"

ताईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "परत पाठवलं?"

"हो ना!"

"छोट्या," ताई म्हणाली, "टोपली."

जिना चढताना माझे गुडघे बोलत होते आणि मीही बोलत होतो. वर एकच खोली, एक टेबल, एक वजनकाटा, आणि खिडकीशी एक लहानखुरी बाई, जाड भिंगांचा चष्मा. अंगातला पांढरा कोट खांद्यावर उतरलेला आणि बाह्या लांब पडतात म्हणून कोपरापर्यंत सरसावलेल्या. ताईची नजर आधी तिथेच गेली ते मी पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी टोपली उघडली आणि काही केलंच नाही. नुसता हात टेबलावर पालथा ठेवून बसल्या. बॉबिन बाहेर आली, हात हुंगला, त्यावर बसली. तेव्हा कुठे त्यांनी तिला उचललं, वजन केलं, ताप पाहिला, पोट चाचपलं आणि हलकेच तोंड उघडून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वय किती म्हणालात?"

"आठ आठवडे. आजच पुरे झाले."

"नाही हो. हिच्या मागच्या दाढा अजून वर यायच्या आहेत. वजन साडेसहाशे ग्रॅम. ही फार तर साडेसहा आठवड्यांची आहे."

मी मनात म्हटलं, मेलो. ताईच्या वहीवर बत्तीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं. ताईनं पिशवीतून वही काढून टेबलावर आपटली. "ही तारीख मी माझ्या हातानं लिहिली आहे. माझ्या पोत्यात जन्मली ती."

"वही बरोबर असेल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण मला हिच्या तोंडावर विश्वास ठेवायला हवा ना? आईच्या दुधातलं बळ अजून तिच्या अंगात आहे. ते असतं तोवर लस पुष्कळदा वाया जाते. साथ असली तर इतक्या लवकर देतातही कधी कधी, पण हिचं पोट जंतांनी टम्म झालंय आणि अंग जरा गरम आहे. आज मी टोचणार नाही. आज जंतांचं औषध देते. दहा दिवसांनी आणा."

"आणि तोवर साथीत सापडली तर?" ताईचा आवाज बारीक झाला होता. असा तो मी क्वचित ऐकला आहे.

"तोवर तिला दुकानात ठेवू नका. हा आजार माणसांच्या चपलांवरून, कपड्यांवरून, हातांवरून येतो. घरातल्या एखाद्या वेगळ्या खोलीत ठेवा, चपला बाहेर, साबणानं हात धुऊन मगच उचला. आणि खायची थांबली किंवा उलटी झाली तर कधीही फोन करा." त्यांनी चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहिला.

जिना उतरताना माझा पारा चढला होता. एका दिवसात दोन दवाखाने, गणवेशांची घाई, आणि टोचणं राहिलं ते राहिलंच. "एवढी तंगडतोड करून रिकाम्या हातांनी परत!" मी म्हटलं. ताईच्या ओठांच्या कडेला मात्र काहीतरी हलत होतं.

"छोट्या," ती म्हणाली, "हिनं आपल्याला परत पाठवलं रे."

दुकानात आलो. ताईनं वही जागेवर ठेवली, वर भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. मग मीही पाहिलं. छप्पन वजा दहा, शेचाळीस. शेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. जन्मतारीख लिहिली तेव्हा भिंत खरं बोलत होती. मध्ये दहा पानं फाडली ती ताईनं, आणि सकाळी खोटी तारीख वाचून दाखवली ती मी. ताई मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आपल्यालाच घाई करायला कॅलेंडर पुढे नेलं आणि मांजरीलाच म्हातारी केली!"

हसता हसता ती थांबली. "अरे," ती हळूच म्हणाली, "गेल्या वर्षीचं पिल्लूसुद्धा गणवेशांच्या दिवसांतच होतं."

 मला ताईच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण चौपन्न वर्षांचा माणूस इस्त्रीच्या टेबलापाशी असं करत नाही, म्हणून मी चहा ठेवला.

पुढचे दहा दिवस आमच्या घरानं जे सोसलं ते कुणाला सांगू नये. बॉबिनची रवानगी दुकानावरच्या आमच्या घरात, माझ्या बायकोच्या खोलीत झाली. जिन्याच्या तोंडाशी ताईनं चपलांची रांग आखली, साबण ठेवला आणि पाटी लावली: 'वर जाण्यास मनाई. मांजर ट्रायलवर आहे.' गिऱ्हाइकं रस्त्यात उभी राहून खिडकीकडे हात हलवायची. बसवालीनं तर बस थांबवून हात हलवला, आणि मागच्या तीन गाड्यांनी हॉर्न वाजवून आम्हाला दुवा दिला. गल्लीत आणखी एक पिल्लू गेल्याची बातमी आली त्या दिवशी ताईनं दिवसातून नऊ वेळा हात धुतले, मी मोजले.

सहाव्या दिवशी सकाळी ताई वर गेली आणि तिची हाक आली. वाटी तशीच भरलेली. बॉबिन हुंगायलाही तयार नाही, कोपऱ्यात पसरलेली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. माझीही पाचावर धारण बसली, पण फोन मला लावता येतो म्हणून मी लावला आणि ताईच्या हातात दिला. डॉक्टरांनी दुसऱ्या घंटीला उचलला.

"उलटी झाली?" नाही. "हिरड्या बघा. फिकट की गुलाबी?" गुलाबी. "पोट?"

ताईनं चाचपलं. "टम्म आहे. टम्म पण मऊ."

पलीकडून पुढचा प्रश्न आला, "घरात माणसं किती?"

"तीन."

"प्रत्येकाला विचारा, आज सकाळी हिला काय काय दिलं. आणि खरं सांगायला लावा."

ताईनं फोन छातीशी धरला आणि आमच्याकडे वळली. माझी बायको पदराशी चाळा करू लागली. "वन्सं, मी आपलं एक अंडं, अर्धंच. बिचारी बघत होती." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला मांजरं आवडत नाहीत हे मी त्यांना आठवण करून दिलं. त्या बघतच राहिल्या. "थोडा मासा," मी म्हटलं. "थोडा म्हणजे, एक आख्खा. लहान होता."

डॉक्टरांचं हसू फोनमधून खोलीभर ऐकू आलं. ताईचा जीव भांड्यात पडला आणि मग ती आमच्या दोघांवर जी बरसली ती दुपारपर्यंत. पण त्या दुपारी मशीनवर ती गुणगुणत होती. मी इस्त्री बंद करून ऐकलं.

दहावा दिवस उजाडला तेव्हा गंमत म्हणजे बाहेरची तारीख तीच होती, जी आमच्या भिंतीवर दहा दिवसांपूर्वी होती. आम्ही पुन्हा जिना चढलो. ताप उतरलेला, पोट हलकं, दाढा वर. डॉक्टरांनी फ्रिज उघडला. आत फक्त बाटल्या. त्यांनी बाटली ताईच्या हातात दिली, तारीख वाचायला लावली, तिच्यासमोर फोडून सुई भरली. बॉबिननं 'म्यां' इतकंच म्हटलं. बाटलीवरचं लेबल त्यांनी एका कार्डावर चिकटवलं आणि खाली पुढच्या तारखा लिहिल्या.

"एकदा टोचलं की सुटलो असं नाही हं," त्या म्हणाल्या. "आईचं बळ नक्की कुठल्या दिवशी सरतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, मग पुन्हा, शेवटची सोळा आठवडे पुरे झाल्यावर. मधल्या एका खेपेला रेबीजची. तोवर साबण आणि चपला तशाच चालू ठेवा."

"म्हणजे पहिली ट्रायल, दुसरी ट्रायल आणि मग फायनल," ताई म्हणाली. "हे मला कळतं." मग तिनं ते विचारलं जे ती दहा दिवस पोटात घेऊन फिरत होती. "गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका पिल्लाला लवकर टोचून घेतलं असणार. दिवस मोजायला चुकले. नंतर पुन्हा न्यायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. ते गेलं. माझ्यामुळे?"

मला वाटलं, आता या नाही म्हणतील. सगळेच म्हणतात.

"सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिवस मोजायला तुम्ही चुकला असाल. पण ज्यानं सुई धरली त्यानं तोंड उघडून पाहायचं असतं. ते तुमचं काम नव्हतं."

ताईनं मान हलवली. तिनं डोळे पुसले, आणि मी खिडकीतून पोस्टाच्या पत्र्यावरची कबुतरं मोजली.

घरी येताना ताईनं नवं कॅलेंडर घेतलं. फाडलेली पानं परत चिकटवता येत नाहीत, म्हणून जुनं उतरवून नवं लावलं आणि आजच्या तारखेपर्यंत पानं फाडली. फक्त आजच्या. मी पाहतच राहिलो. "अगं, गणवेश? दोनशे सत्तर गणवेश आहेत!"

"हात भरभर चालव," ताई म्हणाली.

गणवेश वेळेत झाले. एक सोडून. तो उशिरा झाला कारण बॉबिन त्याच्या बाहीत झोपली होती.

शेवटची लस झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर दुकानात आल्या. हातात पांढऱ्या कापडाची घडी. "तुम्ही माझ्या कोटाकडे पहिल्या दिवशी कशा बघत होतात ते मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "नवा शिवून द्या."

ताईनं कापड दोन बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं.  ताई, या बाईला तरी नको, मी मनात म्हणालो.

"पाण्यातून काढलेलं नाही," ताई म्हणाली. "आज कापणार नाही. घरी न्या, भिजवा, सावलीत वाळवा, मग आणा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मग दोघी एकदम हसायला लागल्या, अशा की मला इस्त्री बाजूला ठेवावी लागली. डॉक्टरांनी कापड मुकाट्यानं गुंडाळलं. "बरं. मग कोट मिळेल कधी?"

ताईनं तारीख सांगितली.

आमच्या कॅलेंडरची सगळी कथा डॉक्टरांना एव्हाना पाठ होती. "ही कुठली तारीख?" त्यांनी विचारलं. "दुकानातली की बाहेरची?"

ताईनं भिंतीकडे बोट दाखवलं. खाली कापायच्या टेबलावर बॉबिन मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे दोन्ही पंजे भिंतीला लावून, आजच्या पानाचा कोपरा चावत होती. तिची लांबी आता सतरा इंच होती, शेपूट सोडून.

"आता एकच आहे," ताई म्हणाली.